भजी खुशाल खा, पण आधी कढईत डोकावा!

मावळात आषाढ-श्रावणात पाऊस कोसळत असतो, तेव्हा आपल्या शिरूर-दौंडकडची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. आपला भाग पर्जन्यछायेतला. आपला भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनातला, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा. तो एकदा आला, की घोडनदीपासून दौंड जंक्शनपर्यंत गाडीगाडीवर कढया चढतात. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या महागणपतीला निघालेली मंडळी थांबतात, दौंडला उतरून सिद्धटेकला जाणारी थांबतात, चौफुल्याला एसटीची वाट पाहणारी थांबतात. हातात एक प्लेट भजी, कडेला हिरवी चटणी आणि तळलेली मिरची! गारव्यात यासारखे सुख नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत माझ्या दवाखान्यातली गर्दी वाढते. कोणाची छाती जळजळते, कोणाचे पोट बिघडते, आणि महिना-दीड महिन्याने काविळीचे रुग्ण येऊ लागतात. पथ्य सांगू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “डॉक्टर, भजीबी बंद का?” म्हाताऱ्या माणसांचा चेहरा तर असा होतो, की जणू मी त्यांचा पावसाळाच काढून घेतला.

मी सरसकट “बंद” म्हणत नाही. कारण माझे मत असे, की भजी हा पदार्थ गुन्हेगार नाही. खरे आरोपी चार आहेत : पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, मूठभर सोडा, छापील कागद आणि चटणीतले पाणी. या चौघांना आवरले, तर निरोगी माणसाने महिन्यातून दोन-तीनदा भजी खाण्यात भिण्यासारखे काही नाही. आजच्या लेखात या चौघांची झडती घेऊ आणि मग भजी व चटणी करायची रीतही पाहू.

भज्यात असते काय?

भज्याचे पीठ म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे बेसन. शंभर ग्रॅम बेसनात वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. मैद्याच्या वड्या, बिस्किटे किंवा पाकिटातले कुरकुरे यांच्यापेक्षा बेसन कितीतरी सरस. त्यात भाजी असते ती वेगळीच. पण आपण कांदा, बटाटा आणि मिरची या तिघांच्या पुढे जात नाही, ही खरी अडचण आहे.

जुन्या बायका परसातली प्रत्येक भाजी पिठात बुडवून पाहत. घोसाळ्याचे काप, मायाळूची पाने, ओव्याची जाड लवदार पाने, पालक, वांग्याच्या चकत्या, कच्ची केळी, शेवग्याची फुले. आश्विनात मुली हादगा खेळतात, त्याच सुमाराला हादग्याच्या झाडाला पांढरी फुले लागतात. मधला केसर काढून टाकला की त्यांची भजी फार सुरेख होतात. पाला आणि फुले घातली की बटाट्याचा पिष्टमय भाग कमी होतो आणि चोथा, जीवनसत्त्वे व चव वाढते. तळताना काही जीवनसत्त्वे जातात हे खरे, पण भाजीचे सगळेच काही वाया जात नाही. ज्या घरात मुले पालेभाजीचे ताट सरकवून देतात, त्या घरात मायाळूचे भजे हा पालेभाजी पोटात घालण्याचा एक मार्ग आहे.

तेल आत शिरते कधी?

आता तेलाकडे वळू. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ उष्मांक. चहाचा एक चमचा तेल जास्त पोटात गेले तर चाळीस उष्मांक जास्त गेले. शेतात दिवसभर खुरपणारी किंवा ऊस तोडणारी बाई ते पचवील. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा पचवणार नाही, त्याच्या पोटाच्या घेरात ते जमा होईल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला २० ते ५० ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. बैठ्या कामाला कमी, कष्टाच्या कामाला जास्त. बैठे काम करणाऱ्यांच्या घरात माणशी २५ ग्रॅम धरले, तर चार माणसांना महिन्याला तीन किलो तेल झाले. त्यात फोडणी आली, पोळीचे तेल आले, तळणही आले. आपल्या घरी महिन्याला किती पिशव्या फुटतात हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे. हिशेब डॉक्टरांना सांगायची गरज नाही, स्वतःला कळला तरी पुरे.

भजे किती तेल पिते, हेही घरी मोजता येते. तळणाआधी तेल मापाने कढईत ओता. तळण झाले, तेल थंड झाले, की गाळून पुन्हा मापा. जे कमी भरले त्यातले थोडे कढईला, झाऱ्याला आणि गाळात राहिले, बाकीचे भज्यांतून खाणाऱ्यांच्या पोटात गेले. एकदा हा प्रयोग केला की उपदेशाची गरज उरत नाही.

तेल कमी शिरावे यासाठी थोडी कारणमीमांसा समजून घेतली पाहिजे. पिठातले भजे गरम तेलात पडते, तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर धावते. तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. म्हणून तेल पुरेसे तापलेले हवे. साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस. घरात तापमापक कोणाकडे असणार? पिठाचा थेंब टाकावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. लगेच वर आला आणि लगेच काळा झाला तर फार तापले आहे. वर येऊन हळूहळू सोनेरी झाला, तर बेत जमला. एकाच वेळी कढई भरून भजी सोडली की तेल एकदम थंड होते आणि भजी तेलकट होतात, म्हणून घाणे लहान घ्यावेत.

पण गंमत पुढेच आहे. भजे कढईबाहेर आले आणि निवू लागले, की आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणजे बरेचसे तेल कढईत नव्हे, तर ताटलीत शिरते! म्हणून झाऱ्यात घेतलेली भजी कढईच्या वरच चांगली हलवून निथळावीत आणि लगेच जाळीवर किंवा कोऱ्या शोषकागदावर पसरावीत. ढीग करून झाकून ठेवू नयेत. एवढे पाच-दहा सेकंदांचे काम, पण त्याचा फायदा मोठा.

सोड्याचे तसेच. सोडा जास्त झाला की भजे हलके व जाळीदार होते, आणि त्या जाळीत तेल भरते. शिवाय सोड्याने ब गटातल्या काही जीवनसत्त्वांचा नाश होतो, आणि सोडा म्हणजे सोडियम, म्हणजे रक्तदाबवाल्याला मिठावर मीठ. कुरकुरीतपणा हवा तर तांदळाची पिठी घालावी, खुसखुशीतपणा हवा तर चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालावे. सोड्याला घरातून रजा द्यावी.

तेल बिघडते कसे?

आता मुख्य आरोपी. तेल तापते तेव्हा तीन गोष्टी एकदम घडतात. भाजीतल्या पाण्याने तेलाचे विघटन होऊन मोकळी आम्ले तयार होतात. हवेतल्या प्राणवायूने ते खवट होऊन त्यात त्रासदायक द्रव्ये जमतात. आणि उष्णतेने तेलाचे कण एकमेकांना चिकटून ते दाट, चिकट होते. तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवले की ही क्रिया पुढे सरकते. प्रत्येक खेपेला तेल आधीपेक्षा कमी आचेवर धुरावू लागते. गाळात पडलेला पिठाचा काळा चुरा तर या नासाडीला हातभारच लावतो.

असे तेल पोटात गेल्यावर लगेच दिसते ती जळजळ आणि मळमळ. पण न दिसणारा परिणाम अधिक काळजीचा आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार तापवलेल्या तेलाने रक्तवाहिन्यांना आणि यकृताला इजा झाल्याचे आढळले आहे. माणसांतही ही द्रव्ये हृदयविकार व रक्तदाब यांना पोषक ठरतात, असे मानायला सबळ कारण आहे.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला, की तळणाच्या तेलातील बिघडलेल्या द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून जैवडिझेल करण्याची योजनाही सुरू झाली. प्रमाण मोजायला यंत्र लागते, ते आपल्याकडे नाही. पण डोळे आणि नाक आहे. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात :

तेल चहासारखे काळपट झाले आहे.

भजी काढल्यावरही वर फेस राहतो, विरत नाही.

बोटाला चिकट लागते, कढईच्या कडेला डिंकासारखा थर बसतो.

नेहमीपेक्षा लवकर धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात.

वास खवट किंवा माशासारखा येतो.

यांतली एक खूण दिसली तरी ते तेल टाकावे. “महागाचं तेल फेकू कसं?” असे बायका विचारतात, तो प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर एकच : तळायला तेल थोडेच घ्या. मोठी कढई भरून तेल ओतण्यापेक्षा लहान, खोलगट कढईत दोन-अडीच वाट्या तेल घ्या. उरलेले गाळून, झाकून ठेवा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळायला घेऊ नका. जुन्यात नवे तेल मिसळू नका. नासक्या दुधात ताजे दूध ओतण्यातलाच तो प्रकार. आणि टाकायचे तेल मोरीत ओतू नका, गटार तुंबते. बाटलीत भरून ठेवा.

तेल कोणते?

आपल्याकडे पूर्वी दोन तेले घराघरांत होती, शेंगदाण्याचे आणि करडईचे. दोन्ही चांगली, पण दोघांचे काम वेगळे. करडईच्या तेलात ज्या प्रकारची स्निग्धाम्ले भरपूर असतात, ती मोठ्या आचेवर लवकर बिघडतात. म्हणून करडई फोडणीला, चटणीवर घ्यायला, भाकरीशी खायला. तळणाला शेंगदाण्याचे तेल अधिक टिकते. वनस्पती तुपात तळणे मात्र टाळावे. त्यातल्या ट्रान्स प्रकारच्या मेदाने घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. म्हणूनच जानेवारी २०२१ पासून त्याची मर्यादा ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली.

आणखी एक गोष्ट. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ फार तळले-भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांत त्याने कर्करोग झाल्याचे आढळले आहे. म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण बटाट्याची भजी सोनेरी रंगावर काढावीत. करपून काळपट झालेले “खमंग” म्हणून खाऊ नये.

गाडीवाल्याची बाजू

हे वाचून भजीवाल्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. दिवसाच्या शेवटी कढईत दोन किलो तेल उरलेले असते, आणि ते फेकले तर त्याची दिवसाची कमाई गेली. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा परदेशातून येतो. तिकडचा भाव चढला की इकडच्या कढईत तेल आणखी एक दिवस राहते. शिवाय त्याचा स्वतःचा जीवही त्यात आहे. तळणाच्या धुरावर दहा-दहा तास उभा राहणारा तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोठ्या आचेवरच्या तळणातून निघणाऱ्या धुराला “बहुधा कर्करोगकारक” म्हटले आहे. दिवसभर धूर घेऊन खोकत येणारे असे कारागीर मी तपासले आहेत. त्यांना माझे सांगणे असते : कढई बंदिस्त टपरीत न लावता वारा खेळेल अशी लावा, तेल धुरावू देऊ नका, दर काही घाण्यांनी चुरा गाळून काढा, आणि कढई लहान घ्या म्हणजे रात्री टाकायला थोडेच उरेल.

गिऱ्हाइकाचेही एक काम आहे. प्लेट सांगण्याआधी कढईत डोकावावे. तेलाचा तळ दिसत असेल तर बसावे, डांबर दिसत असेल तर पुढे चालावे. दहा गिऱ्हाइके अशी डोकावू लागली, की तेल आपोआप बदलू लागेल.

कागदाचे काय?

वर्तमानपत्रात लिहिताना हे सांगणे जरा अवघड आहे, पण सांगितले पाहिजे. हे पान वाचून झाल्यावर त्यात भजी बांधू नका! छपाईच्या शाईत शरीराला न मानवणारी रंगद्रव्ये असतात, शिशासारखे जड धातू असू शकतात, आणि गरम तेल ती चटकन विरघळवून घेते. शिवाय रद्दी किती हातांतून आणि कोणत्या कोपऱ्यातून आली, कोण जाणे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याविषयी इशारा दिला आणि २०१८ च्या वेष्टन नियमांत छापील कागदाला मनाई केली. भजी बशीत घ्यावीत, पळसाच्या द्रोणात घ्यावीत किंवा घरून डबा न्यावा. बातम्या डोळ्यांनी वाचाव्यात, पोटाने नव्हे.

चटणी : औषधही, अपायही

भज्याची जोडीदारीण म्हणजे हिरवी चटणी. तिला आपण तोंडी लावणे समजतो, पण माझ्या मते त्या ताटलीतला सर्वांत गुणकारी पदार्थ तोच. कोथिंबीर, पुदिना, आले, लसूण, मिरची, लिंबू हे सारे कच्चे असते, त्यामुळे तळणात हरवलेले क जीवनसत्त्व इथे भरून येते. क जीवनसत्त्वामुळे बेसनातले व पाल्यातले लोह अंगी लागते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात लोहाची चणचण किंवा रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तेव्हा चटणीवर पिळलेले लिंबू ही चैन नव्हे.

जपानी लोक भाज्या पिठात बुडवून तळतात, त्या पदार्थाला तेंपुरा म्हणतात. तो खाताना बरोबरच्या पातळ कालवणात ते किसलेला मुळा घालतात. म्हणजे तळलेल्याबरोबर काहीतरी कच्चे, रसरशीत हवे, हे शहाणपण तिकडेही आहे.

मात्र भजी आणि लगेच वाफाळता चहा, ही आपली लाडकी जोडी इथे आड येते. चहातली द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बायांनी, विशेषतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, चहा तासाभराने घ्यावा.

आता अपाय. भजी उकळत्या तेलातून येतात, त्यांत जंतू जगत नाहीत. चटणी मात्र कच्ची. कोथिंबीर जमिनीलगत वाढते, तिच्या मुळांना माती असते, आणि वाटताना ओतलेले पाणी जसे असेल तशी ती चटणी. पावसाळ्यात नद्या-ओढ्यांना गढूळ पाणी येते, नळाच्या फुटक्या वाहिन्यांत गटाराचे पाणी शिरते. अशा पाण्यातून जुलाब, विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत या ‘ई’ काविळीवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. तरुण, धट्ट्याकट्ट्या माणसाला ती बहुधा सोडून जाते. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते.

यातली खरी मेख अशी, की दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत काळ जातो. डोळे पिवळे होतात तेव्हा ती चटणी कधी आणि कुठे खाल्ली, हे कोणाच्याही लक्षात नसते. दोष मग उन्हाला, नजरेला किंवा तेलकटाला दिला जातो. म्हणून माझा नियम साधा आहे : बाहेर भजी खावीत, पण पावसाळ्यात पातळ चटणी बाहेरची खाऊ नये. तिथे तळलेली मिरची घ्यावी किंवा लसणाची कोरडी चटणी मागावी. जारचे पाणी थंड असते, म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. गरोदर बाईने तर हा नियम मोडूच नये.

घरची रीत

चार माणसांसाठी प्रमाण देतो.

चटणी आधी करावी. साहित्य : निवडलेली कोथिंबीर दोन वाट्या, पुदिन्याची पाने अर्धी वाटी, हिरव्या मिरच्या दोन-तीन, लसणाच्या चार पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, अर्धा चमचा जिरे, दोन चमचे भाजलेले शेंगदाणे किंवा डाळे, एक लिंबू, चवीपुरते मीठ. कोथिंबिरीची मुळे कापून टाकावीत. मोठ्या पातेल्यात तीन-चार पाण्यांनी, तळाशी माती येईनाशी होईपर्यंत ती धुवावी. शेवटचे धुणे उकळून निववलेल्या पाण्याने करावे, आणि वाटायलाही तेच पाणी घ्यावे. पाणी खळखळून उकळल्यावर आणखी काही मिनिटे आचेवर ठेवावे. हात साबणाने धुवावेत, पाटा-वरवंटा किंवा मिक्सरचे भांडेही स्वच्छ हवे. लिंबू शेवटी पिळावे, त्याने रंगही हिरवा राहतो. अर्धी वाटी घट्ट दही घातले की चटणी सौम्य होते, मुलांना आणि आम्लपित्तवाल्यांना बरी पडते. चटणी त्या दिवशीची त्या दिवशी संपवावी.

भज्यांचे साहित्य : एक मोठी वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, हळद, तिखट, बेताचे मीठ, एक चमचा गरम तेलाचे मोहन. भाजी म्हणून दोन कोवळी घोसाळी, मायाळूची दहा-बारा पाने आणि एक कांदा. घोसाळ्याची साल काढून जाडसर चकत्या कराव्यात. पाने धुऊन फडक्याने टिपून कोरडी करावीत. ओल्या पानाने तेल उडते. पीठ सरबरीत भिजवावे, चमच्यावरून पातळ पडदा पडावा इतके. जाड पीठ म्हणजे जाड कवच, आणि जाड कवच म्हणजे जास्त तेल. कांद्याची खेकडा भजी करायची तर कांदा उभा चिरून मीठ लावून दहा मिनिटे ठेवावा आणि सुटलेल्या पाण्यात मावेल एवढेच बेसन घालावे, वरून पाणी नको.

मध्यम आचेवर लहान लहान घाणे तळावेत, निथळावेत, गरम असतानाच खावेत. माणशी सहा-सात भजी, भरपूर चटणी, बरोबर काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर. त्या दिवशी रात्रीचे जेवण हलके, मुगाची खिचडी किंवा ज्वारीची भाकरी आणि ताक. भजी “वरून” खाल्ली की तेलाचा हिशेब चुकतो. ती जेवणात धरावीत.

कोणी जपावे?

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत, ज्यांना स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे किंवा ज्यांना सध्या कावीळ आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तळणाला हात लावू नये. पित्ताशयात खडा असणाऱ्याला तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती “गॅस” म्हणून अंगावर काढू नये. मधुमेह्याने बटाटा वगळून पाल्याची दोन-तीन भजी खावीत, तीही जेवणातली भाकरी कमी करून. आम्लपित्त असणाऱ्याने रात्री भजी खाऊन लगेच आडवे होऊ नये. आणि भजी खाताना छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम आला, तर सोडा पिऊन वाट पाहत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते.

शेवटी कढईपाशी उभ्या असणाऱ्या माउलीसाठी दोन शब्द. तळताना पदर खोचावा, नायलॉनची साडी नको, लहान मूल ओट्यापाशी नको. कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नये, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे. अंगावर तेल उडाले तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही लावू नये. फोड मोठे असतील, किंवा चेहरा व हात भाजले असतील, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

हस्ताचा पाऊस येवो, पिके डोलोत, आणि प्रत्येक घरात एक दिवस घोसाळ्याची भजी होवोत. फक्त कालचे तेल आज कढईत नको, आणि न उकळलेले पाणी चटणीत नको.